लोकग्राम आणि त्याचा परिसर : रसायनी, खालापूर व कर्जतचा वारसा



दक्षिण कोरियाची राजधानी सोल हिच्या दक्षिणेस योंगिन नावाचे ठिकाण आहे. तेथे १९७४ साली एक आगळे खेडे लोकांना पाहण्यासाठी खुले करण्यात आले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील अडीचशेहून अधिक जुन्या घरांचा त्यात समावेश आहे. शेतकऱ्याचे गवताने शाकारलेले घर, जमीनदाराचा कौलारू वाडा, लोहाराची भट्टी, कुंभाराचे चाक, कागद तयार करणाऱ्याचा कारखाना असे सारे तेथे एकाच आवारात पाहावयास मिळते. थंडीच्या दिवसांत चुलीतील उष्ण धूर जमिनीखालील पोकळीतून फिरवून सबंध खोली उबदार ठेवण्याची कोरियन लोकांची जुनी युक्तीही तेथे पाहता येते.

या घटनेचे वर्ष ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच्या चारच वर्षे आधी, म्हणजे १९७० साली, कोरियन शासनाने 'सेमाउल' अर्थात 'नवे गाव' ही ग्रामविकासाची चळवळ हाती घेतली होती. प्रारंभी देशातील तेहतीस हजारांहून अधिक खेड्यांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट देण्यात आले आणि त्याचा विनियोग गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावा असे सांगण्यात आले. रस्ते झाले, पूल झाले, विहिरी बांधल्या गेल्या. त्याचबरोबर गवती छपरे उतरवून त्यांच्या जागी सिमेंटचे पत्रे चढविण्याची मोहीम निघाली आणि दशक संपता संपता गवती छप्पर कोरियन खेड्यांतून जवळजवळ दिसेनासे झाले. एका हाताने शासन गवती छप्पर उतरवीत होते आणि त्याच दशकात ते छप्पर नमुन्यादाखल जपून ठेवण्यासाठी योंगिनला लोकग्राम उभे राहत होते. गवताऐवजी जे पत्रे आले त्यांत ॲस्बेस्टॉस होते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते हे पुढे सर्वत्र मान्य झाले, २००९ साली कोरियाने ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली आणि तेच पत्रे उतरविण्यासाठी शासनाला पुन्हा पैसा खर्च करावा लागला.

ही हकिगत दूरदेशीची असली तरी रायगड जिल्ह्यातील पंचायत सदस्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील वाड्यापाड्यांवर आज हाच प्रश्न उभा आहे.

लोकग्रामाचे दोन प्रकार

जुने ग्रामजीवन जतन करण्याचे दोन मार्ग जगात आढळतात. पहिला मार्ग संग्रहालयाचा. स्टॉकहोम येथे आर्तुर हासेलिउस या स्वीडिश विद्वानाने १८९१ साली 'स्कान्सेन' हे खुले संग्रहालय स्थापन केले. जुनी घरे मुळासकट उचलून एका टेकडीवर मांडण्याची कल्पना त्याची. योंगिनचे लोकग्राम त्याच परंपरेतले होय. आपल्याकडे उदयपूरजवळ १९८९ साली उभारलेल्या शिल्पग्रामात राजस्थान, गुजरात, गोवा आणि महाराष्ट्र येथील झोपड्या व घरे याच रीतीने बांधलेली आहेत. कोल्हापूरजवळ कणेरी मठावरील ग्रामजीवन संग्रहालयात बारा बलुतेदारांचे व्यवहार पूर्णाकृती शिल्पांच्या द्वारे दाखविलेले आहेत. शहरातील मुलाला मोट म्हणजे काय, घाणा म्हणजे काय, हे तेथे क्षणात उमगते.

दुसरा मार्ग अधिक अवघड आहे. कोरियाच्याच आग्नेय भागात नाकदोंग नदीच्या वळणावर हाहोए नावाचे खेडे आहे. 'नदी वळसा घालते ते गाव' असा त्या नावाचा अर्थ. सहाशे वर्षांपासून र्यू घराण्याचे लोक तेथे नांदत आहेत. मध्यभागी कौलारू वाडे, कडेने गवती घरे, सभोवार भातखाचरे, पलीकडे नदी आणि कडा अशी त्याची रचना. यांग्दोंग या दुसऱ्या खेड्यासह हाहोएला २०१० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तेथील मुखवट्यांचे नाट्य प्रसिद्ध आहे. सरदार, भिक्षू आणि पंडित यांची थट्टा त्यात सामान्य गावकरी करीत आणि तेवढ्या प्रसंगापुरती त्यांना ती मोकळीक असे. ठाणे, पालघर व नाशिकच्या डोंगराळ भागातील बोहाड्याचे मुखवटे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे नाट्य ओळखीचे वाटेल.

हाहोएचे वैशिष्ट्य असे की ते उचलून आणलेले खेडे नाही. तेथे माणसे राहतात, शेती करतात, चुली पेटवितात. येणाऱ्याने आपले वाहन गावाबाहेर ठेवावयाचे असते. घराचे दार बंद असेल तर ते कोणाचे तरी राहते घर आहे, एवढे समजून पुढे जावयाचे असते. गावाबरोबर त्याची नदी, त्याचा कडा आणि त्याची खाचरेही वारसा मानली गेली, हे या दुसऱ्या मार्गाचे मर्म होय.

रसायनीच्या आसपास योंगिनसारखे लोकग्राम नाही. परंतु हाहोएच्या दृष्टीने पाहिले तर खालापूर आणि कर्जत हे दोन तालुके म्हणजे एक विस्तीर्ण आणि अद्याप कुंपण न पडलेला वारसाप्रदेश आहे.

रसायनी : नवे नाव, जुना मुलूख

रसायनी हे नावच मुळी नवे. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना मोहोपाड्याच्या परिसरात उभा राहिला, जोडीला कीटकनाशकांचा कारखाना आला आणि रसायनांच्या या वसाहतीला रसायनी हे नाव पडले. ज्या जमिनीवर भाताच्या उडव्या रचल्या जात तेथे वसाहती, शाळा आणि बाजार झाले. एका पिढीने नांगर ठेवून कारखान्याची पाळी धरली. पुढे तो कारखाना तोट्यात गेला आणि २०१७ साली केंद्र शासनाने तो बंद करण्यास मंजुरी दिली. अग्निबाणांना लागणारे एक रसायन तयार करणारा विभाग मात्र अवकाश संशोधन संस्थेकडे सोपविण्याचे ठरले. म्हणजे केवळ अर्धशतकाच्या अवधीत शेतीचे गाव उद्योगाचे झाले आणि तो उद्योगही आठवणीत जमा झाला. वारसा म्हणजे केवळ शेकडो वर्षांपूर्वीचे अवशेष, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर ध्यानात ठेवावे.

या वसाहतीला पाणी मिळते ते पाताळगंगेचे. या नदीला उन्हाळ्यातही पाणी असते. कारण सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळा, वळवण व शिरवटा येथे साठविलेले पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू केली आणि चक्रे फिरवून झालेले ते पाणी पाताळगंगेला येऊन मिळते. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने मुंबईच्या गिरण्या चालविल्या आणि तेच पाणी पुढे रसायनीच्या कारखान्यांना व गावांना मिळाले. पाहुण्याला हा परिसर दाखवावयाचा तर प्रारंभ या नदीपासून करावा. घाट, धरण, वीज, उद्योग आणि शेती यांचा संबंध तीत एकत्र दिसतो.

कुडाचे घर

या प्रदेशाचे खरे लोकग्राम म्हणजे डोंगरउतारावरील ठाकरवाड्या आणि सपाटीवरील कातकरी वाड्या, आगरी व कुणबी यांची गावे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जेथे कोसळतो तेथील घर कसे असावे, याचे उत्तर येथील लोकांनी फार पूर्वी शोधून काढले आहे.

ठाकराचे पारंपरिक घर कुडाचे असते. सह्याद्रीच्या उतारांवर कारवी नावाचे झुडूप दाट माजते. साधारण सात वर्षांनी एकदा ते फुलते आणि तेव्हा सबंध डोंगर जांभळा होतो. फुलून गेल्यावर ते वाळते. या कारवीच्या सरळ काठ्या एकीला एक लावून, आडव्या कामट्यांनी बांधून घेतात आणि दोन्ही अंगांनी शेणमातीचा लेप देतात. मातीत भाताचा कोंडा मिसळला म्हणजे भेगा कमी पडतात. हाच कूड. ऐन किंवा साग यांच्या मेढी रोवून त्यांवर आढे टाकतात, आढ्यापासून दोन्ही बाजूंना वासे सोडतात आणि त्यांवर गवताची अथवा पेंढ्याची शाकारणी करतात. पाखी इतकी उतरती असतात की वळचणीखाली शिरताना मोठ्या माणसाला वाकावे लागते. वाऱ्यासकट येणारा पाऊस मातीच्या भिंतीपर्यंत पोचू नये, हा त्यातील हेतू. जोते उंच ठेवण्याचे कारणही तेच.

आत शिरले की एका अंगाला गुरांची जागा, दुसऱ्या अंगाला चूल. चुलीवरच्या माळ्यावर पावसाळ्याची बेगमी असते. चुलीचा धूर वर जाऊन छपराचे गवत आणि बियाणे या दोहोंना किडीपासून वाचवितो. भात साठविण्यासाठी बांबूची, शेणाने लिंपलेली कणगी. दूधदुभते मांजरापासून वाचविण्यासाठी शिंके. पडवीत जाते, उखळ-मुसळ, सूप, रोवळी, मासे धरण्याची बांबूची टोपली. भिंतीला टांगलेले पळसाच्या पानांचे इरले. आवणीच्या वेळी दोन्ही हात मोकळे ठेवून दिवसभर पावसात वाकून काम करता यावे यासाठी इरल्याइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते. आज त्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे आणि इरले विणणारे हात वाडीत एखाददुसरेच उरले आहेत.

या घराभोवतीचा शेतीव्यवहारही तितकाच पाहण्यासारखा आहे. खालच्या खाचरांत भात, वरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. मृगापूर्वी रोपाच्या जागेवर शेण, टहाळ व पालापाचोळा यांचे थर पसरून राब भाजावयाचा, पाऊस पडला की तेथे रोप टाकावयाचे आणि ते उपटून खाचरात लावावयाचे. याच भूमीत कर्जतच्या भात संशोधन केंद्राने सुधारित जाती तयार केल्या आणि त्या 'कर्जत' या नावानेच शेतकऱ्यांच्या तोंडी रुळल्या. आगरी घरांत लग्नकार्यात धवळे गाणारी धवळारीण, ठाकरांचा फेर धरून होणारा नाच, वेशीवरची गावदेवी, रानाच्या कडेचा वाघोबा, हे सारे याच जीवनपद्धतीचे भाग आहेत. कातकरी हे नाव खैरापासून कात काढण्याच्या जुन्या व्यवसायावरून आले. तो व्यवसाय गेला, नाव उरले आणि वीटभट्टीवरील हंगामी स्थलांतर त्यांच्या वाट्याला आले. वारशाची चर्चा करताना या समाजाचे आजचे दैन्य दृष्टिआड करणे हे अर्धसत्य ठरेल.

कुडाच्या घराचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याला आगीचे भय असते, वाळवी लागते. दरवर्षी शाकारणी करावी लागते, दर आठ-पंधरा दिवसांनी सारवण करावे लागते आणि ते कष्ट मुख्यतः बाईचे असतात. गवत मिळेनासे झाले, रानातून कारवी आणण्यास अडथळे आले आणि तरुण माणसे कामासाठी बाहेर पडली, तेव्हा पत्रा स्वस्त व सोपा वाटला यात नवल नाही. घरकुलाची मागणी करणाऱ्या कुटुंबाला 'तुमचे कुडाचे घर फार सुंदर आहे, ते मोडू नका' असे ऐकविण्याचा अधिकार शहरातून आलेल्या पाहुण्यास नाही.

कातळात कोरलेले लाकूडकाम

कर्जतपासून थोड्या अंतरावर, राजमाचीच्या पायथ्याशी उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे येथील बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास ती खोदली गेली. पावसाळ्यात तेथे गेल्यास वरून कोसळणाऱ्या धारेच्या पडद्याआडून चैत्यगृह पाहावे लागते. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असा तेथे ब्राह्मी लिपीत लेख आहे. आपल्या हातून घडलेल्या कामाशी आपले आणि गुरूचे नाव जोडणारा हा माणूस या प्रदेशातील सर्वांत जुन्या ज्ञात व्यक्तींपैकी एक होय.

कोंडाण्याची शोभा मूर्तींत नाही. ती आहे तेथील कमानींत, सज्जांत आणि जाळ्यांत. लाकडी घराला लागणाऱ्या तुळया, वासे, बांबूची जाळी, कामट्यांची गुंफण हे सारे कारागिरांनी कठीण कातळात हुबेहूब उतरविले. विहाराच्या छताला तर आधाराची मुळीच गरज नाही. तरीही तेथे तुळया व वासे कोरलेले आहेत. कारण घर म्हटले की आढे-वासे आलेच, अशी त्या काळच्या माणसाची समजूत होती. दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात लाकडी घरे होती. ती केव्हाच नाहीशी झाली. त्यांची प्रतिकृती मात्र दगडात राहिली.

आता याच खोऱ्यातील एखाद्या वाडीवर जाऊन छपराकडे नजर टाकावी. तीच तुळई, तेच वासे, तशाच कामट्या. कोंडाण्याचे लेणे केंद्र शासनाने संरक्षित केले आहे, त्याला फलक आहे, कायद्याचे कवच आहे. परंतु ज्या कलेची ती नक्कल, ती मूळ कला ज्यांच्या हातांत आजही आहे त्या वाडीवरील वृद्ध कारागिराची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. शिक्षकांनी सहल काढावयाची तर लेणे आणि वाडी ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी दाखवावीत. मुलांना वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरणार नाही.

घाट, देवळे आणि गड

परिसराची उरलेली ओळख थोडक्यात करून घेता येईल. खोपोलीजवळ महड येथे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे देऊळ आहे. पेशवाईत १७२५ साली रामजी महादेव बिवलकर यांनी ते बांधले असे सांगतात. खोपोलीचा तलाव आणि महादेवाचे मंदिर हे नाना फडणवीसांचे काम. घाट चढण्यापूर्वी वाटसरूंना व जनावरांना पाणी मिळावे, ही त्यामागील दृष्टी.

बोरघाटाचा इतिहास तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय होईल. १८३० साली तेथून गाडीरस्ता सुरू झाला. १८६३ साली रेल्वे घाट चढली. त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांच्या आसपास मजूर होते आणि पटकीने व अपघातांनी त्यांतील फार मोठी संख्या दगावली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली मरण पावल्यावर त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालविला. घाटाची वाट दाखविणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा घाटातील त्याच्या देवळामुळे लोकांच्या स्मरणात राहिली. वाहनचालक आजही तेथे हात जोडतात. आराखडे काढणाऱ्यांची नावे दप्तरांत राहिली आणि वाटाड्याची आठवण देवळाने जपली.

चावणीजवळ उंबरखिंड आहे. १६६१ सालच्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी या अरुंद वाटेत कारतलबखानाच्या फौजेची कोंडी करून तिला शरण आणले. डोंगर, झाडी आणि वाट यांचे अचूक ज्ञान हेच त्या विजयाचे प्रमुख शस्त्र होते. कर्जतच्या पूर्वेस पेठ गावावर कोथळीगड उभा आहे. त्याच्या सुळक्याच्या पोटातून खोदलेला जिना चढून माथ्यावर जाता येते. माथेरान, तेथील १९०७ पासून धावणारी छोटी गाडी आणि वाहनांना असलेली बंदी सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच माथेरानचे सुपुत्र भाई कोतवाल यांनी १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटील यांच्यासह सिद्धगडावर हौतात्म्य पत्करले, हे पर्यटकाला सांगणारा कोणी तरी तेथे हवा.

इर्शाळवाडीचा धडा

या प्रदेशातील वारशाविषयी बोलताना इर्शाळवाडीचे नाव टाळता येत नाही, टाळूही नये. खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीत ही ठाकरवाडी वसलेली होती. पायवाटेने चढून गेल्यावर दिसणारी घरे, मागे सुळका, खाली दरी. गिर्यारोहकांना ती सुंदर वाटे. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा वाडीवर कोसळला. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे बेपत्ता घोषित करून चौथ्या दिवशी शोधकार्य थांबविण्यात आले. वाहनाचा रस्ता नसल्याने यंत्रे वर नेता आली नाहीत, मदतकार्य माणसांच्या हातांनीच करावे लागले. वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे सिडकोमार्फत चौकजवळ नानिवली येथे ४४ घरे बांधण्यात आली.

आंबेगाव तालुक्यातील माळीण २०१४ साली, महाड तालुक्यातील तळिये २०२१ साली, आणि नंतर इर्शाळवाडी. सह्याद्रीच्या उतारावरील वस्ती जुनी आहे म्हणून सुरक्षित आहे, असे आता कोणालाही म्हणता येणार नाही. जेथे धोका आहे तेथून माणसांना वेळीच हलविणे हे पहिले कर्तव्य. कोणताही वारसा मनुष्याच्या प्राणाहून मोलाचा नाही.

परंतु त्यानंतरचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. वाडी हलते तेव्हा केवळ घरे हलत नाहीत. खाचरे वर राहतात, रान वर राहते, देव वर राहतो आणि गुरांना जागा उरत नाही. नव्या वसाहतीत पडवी नसेल तर जाते कोठे मांडावयाचे, कणगी कोठे ठेवावयाची, संध्याकाळी चार माणसांनी कोठे बसावयाचे? प्रधानमंत्री आवास योजनेतील घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे आणि त्यात स्थानिक गरजेनुसार रचना करण्यास वाव आहे. पाया व चौकट पक्की ठेवूनही उतरते छप्पर, रुंद वळचण, पडवी आणि धूर जाण्याची वाट ठेवता येते. कोरियन खेड्यांनी छपराबरोबर सारेच उतरविले आणि पुढे नमुन्यासाठी लोकग्राम उभारावे लागले. ती चूक आपण टाळू शकतो.

पंचायत आणि शाळा काय करू शकतील

या कामी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिले काम नोंदीचे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील कुडाची, मातीची व जुनी कौलारू घरे मोजून त्यांचे नकाशे व छायाचित्रे एका नोंदवहीत घ्यावीत. शाकारणी करणारे, इरली विणणारे, बांबूचे काम करणारे कारागीर कोण, ते आज किती वर्षांचे आहेत आणि त्यांच्याकडून शिकणारे कोणी आहे काय, हेही लिहावे. घर पाडावे लागले तरी त्याचे मोजमाप शिल्लक राहील.

दुसरे काम रानाचे. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती वही कपाटात बंद असते. कारवी, बांबू, ऐन, पळस यांचा उपयोग आणि भाताच्या जुन्या जाती यांची नोंद तीत वृद्धांना विचारून करावी. २००६ च्या वनहक्क अधिनियमात गौण वनोपजामध्ये बांबू व झुडपी काटक्या यांचा समावेश आहे. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झालेल्या गावांनी कारवीच्या तोडीचे नियम ग्रामसभेत ठरवून घेतले तर घरासाठी लागणारी काठी चोरून आणावी लागणार नाही आणि रानही उजाड होणार नाही.

तिसरे काम पाहुण्यांचे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली जाहीर झाले. पावसाळ्यात कर्जतच्या धबधब्यांवर शहरातून प्रचंड गर्दी लोटते. तिच्या मागे राहतात त्या बाटल्या आणि कागद. ग्रामसभेने ठराव करून वाहने वेशीबाहेर थांबवावीत, गावातील तरुणांना वाटाडे नेमून त्यांचे शुल्क ठरवावे, तांदळाची भाकरी व रानभाज्यांचे जेवण महिला बचत गटांकडे द्यावे. विचारल्याशिवाय कोणाच्या घरात शिरू नये, छायाचित्र घेऊ नये, हा नियम फलकावर स्पष्ट लिहावा. वाडीवरील माणूस हा प्रदर्शनातील पुतळा नव्हे. तो यजमान आहे, आणि यजमानाचा मान त्याला मिळाला पाहिजे.

चौथे काम शिक्षकांचे. शाळेच्या एका खोलीच्या कोपऱ्यात इरले, कणगी, रोवळी, नांगर, शिंके अशा वस्तू मुलांकडून मागवून मांडाव्यात. प्रत्येक वस्तूखाली ती कोणाच्या घरून आली, कोणी बनविली आणि ठाकरी वा कातकरी बोलीत तिला काय म्हणतात, हे मुलांनीच लिहावे. ज्या मुलाला आपल्या आजोबांच्या बोलीची वर्गात लाज वाटते, त्याच मुलाला त्या दिवशी इतर मुलांना शब्द शिकवावे लागतील. एवढे झाले तरी त्या कोपऱ्याचे चीज झाले असे म्हणता येईल.

योंगिनला जाऊन लोकग्राम पाहणे सर्वांना शक्य नाही. परंतु मोहोपाड्याहून निघालेला प्रवासी एका दिवसात पाताळगंगा, महड आणि खोपोलीचा तलाव पाहू शकतो. दुसऱ्या दिवशी कोंडाण्याचे वासे दगडात पाहून, परतीच्या वाटेवर तेच वासे एखाद्या वाडीच्या छपरात पाहू शकतो. दहा वर्षांनी येणाऱ्या प्रवाशालाही ते दोन्ही ठिकाणी दिसावेत की केवळ दगडात दिसावेत, याचा निर्णय आज या दोन तालुक्यांच्या ग्रामसभांच्या हाती आहे. येत्या पावसापूर्वीच्या ग्रामसभेत नोंदवहीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला जावा, एवढीच या निमित्ताने विनंती.